कारखानीस काकांचा सोलापुरी किल्ट

कारखानीस काकांनी मला बॉथेलला पोहोचवलं. काकांचं नाव आधी लिहिते, बाकीचं मागून. आमच्याकडे लग्नपत्रिकेवरसुद्धा आधी कुलदैवताचं नाव घालतात, मग नवरानवरीचं. तसं समजा. आणि पोहोचवलं तेव्हा काकांनी सोलापुरी चादरीचा किल्ट नेसला होता, हेही आत्ताच सांगून टाकते. पुढे मध्येच कुठेतरी सांगितलं तर तुम्हाला वाटेल, बाईला विमानात झोप लागली असणार.

किल्ट म्हणजे स्कॉटलंडकडचे पुरुष नेसतात तो गुडघ्यापर्यंतचा चौकटीचा घागरा; चौकट म्हणे ज्याच्या त्याच्या घराण्याची. हा शब्द मला अमेरिकेत आल्यावर कळला. माझी शाळा सातवीत सुटली. धाकटी भावंडं सांभाळायला घरात कुणी नव्हतं, म्हणून तासगावजवळच्या आमच्या खेड्यातल्या शाळेला मी रामराम केला. मराठी वाचते भरपूर, पण इंग्रजी पाटी दिसली की अजून मान दुसरीकडे वळवते. आणि या देशात तर पाटीशिवाय पाऊल टाकता येत नाही.

मुलाकडे, मिलिंदकडे, शिकागोजवळ नेपरव्हिलला आले तेव्हा थंडी होती. बाहेर बर्फ, आत हीटर, आणि मी दिवसभर खिडकीशी. एका सकाळी समोरच्या घराचं दार उघडलं आणि सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ बाहेर आले. डोक्याला कानटोपी, गळ्याला मफलर, अंगात जाडजूड कोट, हातात बॅग. इथपर्यंत ठीक. पण कोटाखाली लाल-हिरवा घागरा आणि घागऱ्याखाली उघडे गुडघे. त्या बर्फात!

"प्राची, अगं धाव! समोरचे आजोबा परकर नेसून रस्त्यावर आलेत. त्यांच्या घरात कुणी आहे का बघायला?"

प्राची माझी सून. तिची मीटिंग चालू होती. तिनं म्यूट केलं आणि मान वर न करता म्हणाली, "आई, कारखानीस काका आहेत ते. ट्रॅव्हल करत असतील."

"म्हणजे?"

"म्हणजे फ्लाइट असली की काका किल्ट घालतात. तुम्ही नका टेन्शन घेऊ." आणि परत मीटिंगमध्ये.

नात रिया तिथेच बसून दूध पीत होती. मी जगाच्या मागे राहिले आहे अशा चेहऱ्यानं तिनं मला समजावलं, "आज्जी, इट्स हिज एअरप्लेन स्कर्ट. एव्हरीबडी नोज."

खरंच सगळ्यांना ठाऊक होतं. पण का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे प्रत्येकाला ठाऊक होतं, फक्त प्रत्येकाचं उत्तर वेगळं. मिलिंदला काकांनी सांगितलं होतं, "रक्ताभिसरण. विमानात पाय सुजतात, पँट आवळते. पायांना हवा पाहिजे." प्राचीला सांगितलं होतं, "सिक्युरिटीला पट्टा काढा, पट्टा घाला, कोण करत बसणार? इथे पट्टाच नाही." गणपतीच्या कार्यक्रमात कुणी विचारलं तर म्हणायचे, "लुंगी नेसून गेलो तर लोक बाजूला सरकतात, किल्ट नेसून गेलो तर फोटो काढतात. अमेरिका कळायला मला तेवढं पुरे झालं." आणि मी विचारलं तेव्हा गंभीर होऊन म्हणाले, "ताई, विमानाचा मान ठेवावा माणसानं. ते काय यष्टी आहे का, पायजम्यावर जाऊन बसायला?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. विमानाचा मान ठेवावा माणसानं. विमानात चढताना ते उजवा पाय आधी टाकतात. दारातल्या हवाई सुंदरीला नमस्कार करतात, उतरताना वैमानिकाला म्हणतात, "व्हेरी स्मूथ, सर. लाइक दही." चार तास आधी विमानतळावर पोहोचतात आणि तिथे बसून लोकांच्या बॅगांची वजनं अंदाजानं सांगतात. बॅगेत ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी असते, ती आजूबाजूच्या सीटवाल्यांना वाटतात. कुणी ठसका लागून पाणी मागितलं की समाधानानं मान हलवतात. "पोचली," म्हणतात.

गंमत अशी, की जमिनीवर हाच माणूस इतका सोवळ्यातला की बोलायची सोय नाही. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात झाडून सगळे पुरुष अर्ध्या चड्डीत. साहेब असो, डॉक्टर असो. कारखानीस काका मात्र इस्त्रीची पँट, आत खोचलेला शर्ट आणि पायात बूट घालून गवत कापणार. एकदा मिलिंद म्हणाला, "काका, शॉर्ट्स घाला की, किती गरम होतंय." तर केवढे रागावले. "गुडघे काय चौकात दाखवायची वस्तू आहे का रे? गुडघे घरच्या माणसांनी बघायचे."

मिलिंद म्हणाला, "आणि विमानात?"

"विमानाचं वेगळं आहे," म्हणाले आणि मशीन चालू केलं. त्या आवाजात पुढचं विचारायची सोय राहिली नाही.

काका मूळचे सोलापूरचे. पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर होते, मग इकडे आले, आता रिटायर. मुलगा दूर, दुसऱ्या टोकाला, फोनवर असतो. पत्नी, कुंदाताई, मी यायच्या आधीच गेल्या होत्या. मी एकटी खिडकीत बसते हे त्यांनी पाहिलं असावं. एक दिवस ज्वारीचं पीठ घेऊन आले. "तुमच्याकडच्या हाताची भाकरी खाऊन लई दिवस झाले ओ. पीठ माझं, हात तुमचे." तेव्हापासून डबे इकडून तिकडे जायला लागले. डबा रिकामा परत करायचा नाही हा नियम त्यांनाही माहीत होता. माझ्याकडून भाकरी गेली की तिकडून चटणी यायची. कधी काही नसलं तर डब्यात एक संत्रं.

तो किल्टही मी जवळून पाहिला तो असाच, डबा द्यायला गेले तेव्हा. इस्त्री करून खुर्चीवर टाकलेला. आणि काय सांगू, दुकानातला नव्हेच तो! सोलापुरी चादर. आपल्याकडे प्रत्येक घरात असते ती, दोन्ही बाजूंनी नक्षीची, आयुष्यभर न फाटणारी. तिला कमरेला जाड पट्टी लावलेली, खाली गोट मारलेला, पुढे एकसारख्या निऱ्या घालून टाचलेल्या, बाजूला गोधडीला लावतात तसली भलीमोठी पिन. चादरीच्या काठावर विणलेली अक्षरंसुद्धा तशीच ठेवलेली. नेसल्यावर ती बरोब्बर उजव्या गुडघ्यावर यायची: 'शुद्ध सुती, पक्का रंग.'

मी म्हटलं, "काका, ही तर चादर."

"चादर होती," काका म्हणाले. "आता पासपोर्टवर शिक्के तिचेही मारायला पाहिजेत, इतकी फिरली."

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. मग पुढच्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, अश्विनीचा फोन आला.

अश्विनी माझी लेक. ती आणि जावई बॉथेलला असतात, सिएटलजवळ. तिचे दिवस भरत आले होते, आणि पुढच्या आठवड्यात मिलिंद मला तिच्याकडे सोडून येणार होता. पण त्या सकाळी तिचं ब्लडप्रेशर वाढलं आणि डॉक्टर म्हणाले, थांबायचं नाही, आज ॲडमिट व्हा. फोनवर ती रडत नव्हती, त्यानंच मला जास्त भीती वाटली. एवढंच म्हणाली, "आई, ह्या वेळी तू ये."

ह्या वेळी. कारण मागच्या वेळी मी गावाकडे व्हिसाची वाट बघत बसले होते आणि इकडे तिचं बाळ राहिलं नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवायला कुणी नव्हतं. ते तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही. म्हणून तर ते दोन शब्द ऐकल्याबरोबर मी बॅग काढली.

मिलिंद कामासाठी टेक्सासला गेलेला. रियाला ताप, म्हणून प्राची अडकलेली. बर्फामुळे सरळ जाणारी विमानं कॅन्सल. एका विमानात मोजक्या जागा उरल्या होत्या, पण मध्ये डेन्व्हरला उतरून दुसरं विमान पकडायचं होतं. मिलिंद फोनवर, "आई, मी व्हीलचेअर असिस्टन्स लावतो, ते लोक नेतात बरोबर." मी म्हटलं, "पाय धड आहेत माझे, बाबा. त्या खुर्चीवाल्याला मी काय सांगणार आणि तो मला काय सांगणार?" प्राची बिचारी एका हातानं रियाच्या कपाळावर पट्ट्या ठेवत दुसऱ्या हातानं तिकिटं बघत होती. मी स्वयंपाकघरात उभी राहून उगाच स्वच्छ ओटा पुसत होते.

तेवढ्यात दार वाजलं. कारखानीस काका, हातात आमचा डबा. दारातच त्यांना कळलं काहीतरी झालंय. प्राचीनं दोन वाक्यांत सांगितलं. काका डबा ठेवत म्हणाले, "सिएटलला? मलाही जायचंच होतं सिएटलला. काम आहे. दोन जागा बघ गं, प्राची. मागची असली तरी चालेल, मधली असली तरी चालेल."

"काका, अहो पण तुमचं..."

"काम आहे म्हटलं ना."

मी आवरून खाली आले तोवर काका परत दारात हजर. कानटोपी, मफलर, कोट. आणि सोलापुरी चादर.

खरं सांगते, अशा घाईतही माझ्या मनात आलं, ह्यांच्या शेजारून आता मी चालायचं? काका आधीच ओळखून होते. म्हणाले, "ताई, शेजारून नाही, मागून चालायचं. पाट्या वाचायच्या नाहीत. लोकांकडे बघायचं नाही. नुसती चादर बघायची. चादर थांबली की थांबायचं, चादर वळली की वळायचं."

शिकागोच्या विमानतळावर मी तसंच केलं. हजारो माणसं, सगळ्यांच्या अंगावर काळं नाहीतर निळं, आणि त्यात पुढे लाल-हिरवी चादर डुलत चाललेली. देवळात पालखीमागून जावं तशी मी मागून. लोक वाट करून देत होते. एका बाईनं फोटो मागितला, काकांनी पिन सरळ करून काढू दिला. तिनं विचारलं किल्ट का, तर तिला म्हणाले, "हेरिटेज."

सिक्युरिटीला मात्र मशीन बोंबललं. एवढी मोठी पिन, बोंबलणारच. एक धिप्पाड अधिकारी आला, त्यानं काकांना बाजूला घेऊन हात लांब करायला सांगितले. त्याची पंचाईत दिसत होती. कुठून तपासायचं? काका त्याला धीर देत होते, "टेक युअर टाइम, सर." मग बॅगेतली चटणी निघाली. लालभडक, पुडीत बांधलेली. त्यानं त्यावरून कसलंसं फडकं फिरवून मशीनला लावलं. काका म्हणाले, "पीनट, गार्लिक, चिली. टेस्ट?" तो नको म्हणाला, पण हसला. जाताना त्यानंही विचारलं, "व्हाय द किल्ट, सर?"

"ब्लड सर्क्युलेशन," काका म्हणाले.

विमानात मी खिडकीशी बसले आणि डेन्व्हर येईपर्यंत एक घास खाल्ला नाही. काका सारखे म्हणत होते, "लेक बघायला जाताय, युद्धावर नाही. खावा." माझ्या डोळ्यांसमोर फक्त अश्विनी. मनात म्हणत होते, थांब रे बाळा, आजीला पोहोचू दे.

डेन्व्हरला उतरलो आणि मी घोटाळा केला. बायकांच्या स्वच्छतागृहात गेले. काका बाहेर उभे राहिले. त्या स्वच्छतागृहाला दोन दारं होती, हे मला कुठलं माहीत? मी दुसऱ्या दारानं बाहेर पडले. समोर सगळं वेगळंच. वेगळी दुकानं, वेगळ्या पाट्या, आणि तेच काळे-निळे लोक. परत आत गेले, बाहेर आले, पुन्हा वेगळं. फोन काढला तर घाबरून बोट नको तिथेच पडत होतं. माईकवरून काहीतरी सांगत होते. मला त्यात फक्त 'सिएटल' कळलं. विमान सुटलं की काय? ह्याही वेळी मी पोहोचणार नाही की काय? एका खांबाला धरून उभी राहिले. कुणाला विचारायचं तर इंग्रजीत विचारणार कसं?

आणि मग गर्दीच्या डोक्यांवर मला चादर दिसली.

चादर हवेत कशी? तर काका खुर्चीवर उभे होते. विमानतळावरच्या, लोकांच्या मधोमध, खुर्चीवर. सत्तरी ओलांडलेला माणूस, दोन्ही हातांनी निऱ्या गच्च धरलेल्या, मान गोल गोल फिरवतोय. खाली गणवेशातली एक बाई त्यांना उतरा म्हणत होती. काका तिला विनवत होते, "वन मिनिट, मॅडम, वन लेडी इज लॉस्ट. प्लीज डोन्ट लुक अप." ती डोळ्यांवर हात ठेवून हसत होती. पुढे माझ्या कानावर आलं की खाली बसलेल्या एका लहान पोरानं वर बघून आईला मोठ्यानं सांगितलं होतं, "मम्मी, ही हॅज स्ट्राइप्ड पँट्स!" ते खरं होतं. आत काकांची पट्ट्यापट्ट्याची नाडीची चड्डी होती. स्कॉटलंडकडे म्हणे किल्टच्या आत काहीच घालत नाहीत; सोलापूरचा माणूस काही अगदीच त्या नियमानं चालत नव्हता.

मी धावत गेले. काका खुर्चीवरून उतरले, गुडघा चोळत म्हणाले, "सापडलात. बसा. आता भाकरी खावा, विमानाला वेळ आहे." रागावले नाहीत, 'कुठे गेला होतात' असंही विचारलं नाही. मी भाकरी खाल्ली आणि खाताखाता रडले. त्यांनी चटणी पुढे केली. म्हणाले, "हिच्यावर ढकला. लोकांना वाटेल तिखट लागली."

तेवढ्यात समोरून एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ आले. त्यांनीही किल्ट नेसलेला! खरा, लोकरीचा, चौकटीचा, पुढे चामड्याचा बटवा लोंबत असलेला. ते आणि काका एकमेकांकडे असे बघत होते, जसे परमुलखात दोन गाववाले भेटावेत. त्यांचं बोलणं थोडं मला कळलं, बाकी काकांनी मागून मराठीत सांगितलं.

त्या गृहस्थांनी विचारलं, "ही चौकट कुठल्या घराण्याची? मी कधी पाहिली नाही."

काका म्हणाले, "सोलापूर."

त्यांनी मान डोलावली. मग गुडघ्यावरच्या अक्षरांकडे बोट करून म्हणाले, "आणि हे तुमच्या घराण्याचं ब्रीद?"

"हो."

"काय अर्थ?"

काकांनी ताठ उभं राहून सांगितलं, "प्युअर कॉटन. फास्ट कलर."

ते गृहस्थ छातीवर हात ठेवून म्हणाले, "उत्तम ब्रीद आहे."

मला हसू आवरेना. मग जरा वेळानं ते खाली वाकून हळूच, काकांना चारचौघांत ओशाळं वाटू नये अशा बेतानं, म्हणाले, "राग मानू नका मित्रा, पण तुम्ही हा उलटा नेसलाय. निऱ्या मागे जातात. पुढची बाजू सपाट असते."

मी काकांकडे पाहिलं. वाटलं, आता काहीतरी फर्मास उत्तर येणार. रक्ताभिसरण, हेरिटेज, विमानाचा मान, काहीतरी. पण काका नुसते म्हणाले, "आय नो. माय वाइफ मेड इट."

त्या गृहस्थांनी काय ओळखलं कोण जाणे. त्यांनी टोपीला हात लावला, "मग त्यांचंच बरोबर," असं म्हणाले, आणि गेले.

दुसऱ्या विमानात मी विचारलं नाही. काकाच बोलायला लागले, समोरच्या सीटकडे बघत.

"कुंदाला इंग्रजी येत नव्हतं, ताई. मोडकंतोडकंसुद्धा नाही. एकदा अशीच विमान बदलताना चुकली माझ्यापासून. तुमच्यासारखीच, दुसऱ्या दारानं बाहेर. मी वेड्यासारखा शोधत होतो, ती मला शोधत होती. मी तिच्या समोरून गेलो म्हणे, तिला कळलं नाही. सापडली तेव्हा मला म्हणाली, मागून तुम्ही सगळे पुरुष सारखेच दिसता. काळी पँट, निळा स्वेटर. मी ओळखायचं कसं? मी म्हणालो, फोन आहे की. ती म्हणाली, फोन घाबरल्यावर चालत नाही."

मी मान हलवली. हे मला कुणी सांगायला नको होतं.

"घरी गेल्यावर तिनं बॅगेतली चादर काढली. असला किल्ट तिनं कुठल्यातरी परेडमध्ये बघितला होता. म्हणाली, आता पुढच्या वेळी हे नेसायचं, म्हणजे मी चुकणार नाही. मी म्हणालो, अगं, गुडघे दिसतात. म्हणाली, गुडघे गेले खड्ड्यात, माणूस सापडायला पाहिजे. शिवून तयार झाला तर निऱ्या पुढे. मी तिला फोटो दाखवला, की हे बघ, साहेबाच्या निऱ्या मागे आहेत. तर काय म्हणाली माहितेय का? त्या साहेबाला निऱ्या घालता येत नाहीत, त्याला मी काय करू!"

काका हसले. मीही हसले. मग ते म्हणाले, "निऱ्या पुढेच असतात, तिच्या हिशेबानं. आयुष्यभर साडी नेसलेली बाई. तिला कोण शिकवणार?" आणि हातानं निऱ्या नीट केल्या, एकेक करून. "लई जणांनी सांगितलं उलटा आहे म्हणून. फिरवायला काय, एक पिन काढायची. नाही फिरवत."

सिएटलला उतरलो. बॅग घेऊन बाहेर आलो, जिथे लोक आपापल्या माणसांची वाट बघत उभे असतात. मला टॅक्सीची घाई. पण काका दाराशी थांबले. मान वर करून त्यांनी त्या सगळ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. कुणाला तरी नीट दिसावं अशा बेतानं कोट जरा बाजूला केला.

मी म्हटलं, "कुणी येणार आहे का तुम्हाला न्यायला?"

"छे ओ," काका म्हणाले. "सवय. कधी ती आधीच्या विमानानं पुढे जायची, मुलाकडे वगैरे. मग तिथल्या दाराशी अशीच उभी असायची. मी दिसलो की हात नाही करायची, लाजायची. पदर सारखा करायची. त्यावरून कळायचं." आणि पुढे चालायला लागले. "चला, लेक वाट बघतेय."

टॅक्सीनं त्यांनी मला थेट बॉथेलच्या इस्पितळाच्या दारात नेलं. जावई खाली आले होते. काका वर आले नाहीत. म्हणाले, "बाळंतिणीच्या खोलीत मी हे असं नेसून? पोर घाबरेल. तुम्ही जावा. माझं काम आहे इथं." मी त्यांना धड नमस्कारही केला नाही, पळतच सुटले.

अश्विनी पलंगावर होती, हाताला नळ्या. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग ती रडली, आणि म्हणाली, "आई, तुझ्या हाताला लसणाचा वास येतोय." म्हटलं, "चटणीचा आहे, गप पड." दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी झाली. बारीक आहे, पण आवाज असा की सगळ्या मजल्याला कळलं.

दुपारी प्राचीला फोन केला. सगळं सांगून झाल्यावर म्हटलं, "अगं, काका कुठे उतरलेत विचार ना. बाळ बघायला त्यांना बोलावते. त्यांचं काम झालं असलं तर."

प्राची म्हणाली, "काका? आई, काका आज सकाळीच परत आले. आत्ता समोर स्नो काढतायत."

"आणि त्यांचं काम?"

"कसलं काम, आई? सिएटलला काकांचं कोणीच नाहीये. तुम्हाला सोडलं आणि पुढच्या विमानानं परत."

मी विचारलं, "काय घातलंय त्यांनी?"

प्राचीला वाटलं, मला हसायचं आहे. "पँट, आई. नेहमीसारखी. इस्त्रीची."

मला हसू आलं नाही. मला तो शिकागोचा विमानतळ दिसत होता. सकाळची वेळ, काका बाहेर येतात, दाराशी थांबतात, कोट जरा बाजूला करतात, सगळ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवतात. आणि कुणीच पदर सारखा करत नाही.

हे उपकार फेडायचे कसे, हे मी बाळाला मांडीवर घेऊन ठरवलं आहे. मिलिंदला सांगणार नाही, तो गाडीनं सोडतो म्हणेल. मी एकटी जाणार. नेपरव्हिलच्या स्टेशनावरून आगगाडीनं शिकागो शहरात, तिथून दुसरी गाडी बदलून विमानतळावर. पाट्या वाचायला शिकेन. चुकले तर विचारेन. काका असेच कुठूनतरी परत येत असतील, आणि मी सगळ्यांच्या पुढे, कठड्याला टेकून उभी असेन. पदर वगैरे सारखा करणार नाही, तो मान कुंदाताईंचा. मी आपली शेताच्या बांधावरून हाक मारतात तशी मारेन, "ओ काका, इकडं! इकडं बघा!" सगळा विमानतळ वळून बघेल. बघू दे. एक दिवस मी हे करणार आहे.